दळण होईपर्यंत

गिरणीच्या बाकावर आमच्या इमारतीतली नववीतली मुलगी बसली होती. दळणाचे डबे रांगेत होते आणि ही पट्ट्याच्या खडखडाटात मोबाइलवर दोन्ही अंगठ्यांनी भराभर लिहीत होती. भुवयांवर पीठ बसलं होतं, तिला पत्ता नव्हता.

"शाळेचं का गं?" मी विचारलं.

"नाही काकू, गोष्ट आहे. अशीच लिहिते."

अशीच. या वयात मुलं कुणी न सांगता लिहितात. त्याला गुण नसतात, कुणी तपासतही नाही. न पाहिलेले समुद्र, न झालेली लग्नं, घरात कधी न आलेली मरणं, सगळं त्यांना आपोआप सुचत जातं. मला हल्ली काही सुचत नाही. त्याचं वाईटही वाटत नाही. सकाळी चहा करते आणि तो तसाच निवतो.

"काकू, माझ्या गोष्टीतल्या बाईचा नवरा वारतो. तेराव्यानंतर पाहुणे जातात, मग ती खूप रडते. बरोबर वाटतं?" विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं असावं. अंगठे थांबले.

"रडत नाही," मी म्हटलं. "दळण आणायला जाते."

तिने माझ्याकडे बघितलं. मग खाली मान घालून एक ओळ पुसली आणि सावकाश दुसरी लिहायला घेतली.

गिरणीवाल्याने माझा डबा काट्यावर ठेवला आणि जरा घुटमळला. "वहिनी, सगळे दळू?"

सवयीने मी दोघांचे गहू आणले होते.

"दळा," मी म्हटलं.