आमच्या देवघरातला अमोनाइट

मंडळी, आज सकाळी आमच्या सोनाळ्याच्या घरी देवपूजा मध्येच थांबली.

माझी मुलगी वैशाली अमरावतीला भूशास्त्र शिकते. देवघरातला, नदीतून आलेला शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, शंखात राहणाऱ्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म, बहुधा डायनासोरांच्या, ज्युरासिक काळातला, असं तिचं म्हणणं. नेमकी प्रजाती कोणती, ते तिला ओळखायचं होतं.

माझ्या आईनं देव मुठीत घट्ट धरला. "तू याले प्राणी ठरवलं, तं उद्या मी तुळस कोणाले वाहू वं?"

मला दोघींचंही पटत होतं. "आई, नुसतं पाहू दे तिले," एवढंच म्हणालो. शेवटी तिनं मूठ उघडली.

वैशालीनं चंदन पुसून भिंग लावलं. वेटोळ्यावरच्या रेघा कुठे दुभागतात, त्यावरूनही प्रजाती ओळखतात म्हणे. पण रेघा जवळजवळ झिजल्या होत्या.

"आजी, याची अर्धी ओळख नदीनं पुसली अन् अर्धी तू, रोज चोळून चोळून," ती हसली. "आता एवढंच सांगता येते, हा कधीतरी जिवंत होता."

"जिवंत होता?" आईचा चेहरा खुलला. "मंग! मी काय इतके वर्षं दगडाले आंघोळ घालत होती का?"

तुळस वैशालीनंच आणून दिली.

प्रजाती काही कळली नाही. मी मात्र त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवत बराच वेळ बसलो.

तुमच्या घरात असं हातांनी झिजलेलं काय आहे?