सांडव्यावरची गैरहजेरी

क्षमा मागूनच आरंभ करणे मला योग्य वाटते. उभी नोकरी फॉर्म भरण्यात घालवलेल्या माणसाने साठी उलटल्यावर वाचकांसमोर यावे, हे धाडसच आहे. माझ्या आजवरच्या लेखनातील सर्वांत लांब वाक्य 'वरील माहिती माझ्या समक्ष घेतली असून ती बरोबर आहे' हे होते, आणि तेही छापील होते; माझी केवळ खालची सही. तरीही जे सांगायचे आहे ते माझ्याच चुकीविषयी असल्यामुळे दुसऱ्या कोणाला सांगायला लावणे बरे दिसले नसते.

"काका, हे काय आहे?" आमच्या प्रोजेक्ट हेड तावडे मॅडम यांनी एकेचाळीस फॉर्मचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "रकाना सात वाचा."

मी वाचले. "निश्चित सांगता येत नाही."

"पुढचा?"

"निश्चित सांगता येत नाही."

"एकेचाळीसच्या एकेचाळीस! एक तरी माणूस शुद्धीवर होता का तिकडे?"

"अक्षर मात्र झकास आहे हां, मॅडम," शेजारच्या टेबलावरून परेश म्हणाला.

"अक्षर बघून घर देत नाहीत, परेश. तू तुझं बघ."

थोडे स्पष्टीकरण देतो. आमची कंपनी सर्वेक्षणाचे काम घेत असे. रस्त्यासाठी वस्ती हलवायची असली, की तिथे कोण राहते आणि केव्हापासून, याची नोंद आम्ही करायची. शासनाने ठरवलेल्या सालाआधीपासून राहणारा 'पात्र'. त्याला बदली घर मिळते. नंतर आलेला 'अपात्र'; त्याला नोटीस मिळते. रकाना सात म्हणजे ते साल. पवईच्या मागे, टेकडीआड असलेल्या एका तलावाच्या काठचा पाडा माझ्याकडे होता. मुंबईत असूनही कोंबड्या, वाल आणि गळाला लागलेल्या माशांवर चालणारी ती वस्ती. कागदपत्रे जवळजवळ कोणाकडेच नव्हती. होती ती एका पावसाळ्यात तलावाचे पाणी घरात शिरले तेव्हा भिजून गेली होती.

"शुक्रवारी यादी जाणार," मॅडम म्हणाल्या. "अशीच गेली तर सगळे अपात्र. वाट लागली त्यांची. आणि आपल्या हातानं."

'आपल्या' हा त्यांचा चांगुलपणा होता. हात माझा होता.

हे घडले कसे, ते सांगतो. मी स्वभावाने अत्यंत संकोची. अनोळखी माणसाला वेळ विचारायची झाली तरी मी आधी मनात वाक्य जुळवतो. म्हणून पाड्यात मी फॉर्मवरचाच प्रश्न वाचून दाखवत असे: "आपण सदर जागी कोणत्या सालापासून वास्तव्यास आहात?" पहिल्याच घरात देवकीबाई होत्या, सत्तरीच्या, ओट्यावर वाल सोलत बसलेल्या. त्या म्हणाल्या, "तळं दोनदा सांडलं ना, त्या पावसाच्या आधीच्या होळीला आलो."

"साल?"

"तेच सांगते ना!"

तिसऱ्यांदा विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. पुढच्या घरी उत्तर आले, "देवकीच्या आधी चार पावसानं." त्याच्या पुढे, "सांडव्याची भिंत फुटली, त्या साली." मी प्रत्येक वेळी आदराने मान डोलावली आणि वळणदार अक्षरात 'निश्चित सांगता येत नाही' असे लिहिले. मी इतिहास विषय घेऊन एम.ए. झालो आहे. हे इथे नमूद करणे मला अवघड जाते. परंतु चूक सांगायची तर पूर्ण सांगावी.

मंगळवारी सकाळी मी पुन्हा पाड्यात गेलो.

"काय मास्तर, परत आलास? मागल्या वेळी पेन संपलं काय?" देवकीबाई.

मी मास्तर नव्हतो, पण हरकत घेतली नाही. "तळं सांडण्यावरून साल कसं धरता, ते जरा सांगाल का?" हे वाक्य मी मुलुंडहून येताना संपूर्ण बसप्रवासात जुळवले होते.

त्यांनी सांगितले. तलाव काठोकाठ भरला, की जादा पाणी बांधाच्या एका ठेंगण्या भागावरून वाहून जाते. तो सांडवा. ज्या दिवशी पहिले पाणी सांडते त्या दिवशी पाड्यातील घरटी एक माणूस तिथे जातो, नारळ फोडतो आणि पाण्यात उतरून अडकलेले गवत-ओंडके काढतो. कोणते घर केव्हापासून आले, हे सर्वांच्या लक्षात राहते ते याच दिवसामुळे.

"क्यालेंडर काय, दर साली फाडून टाकतात," त्या म्हणाल्या. "तळं कोण फाडतो? आणि बांधावरचा मुकादम नाव घेतो ना सगळ्यांचं."

"नाव घेतो म्हणजे लिहितो?"

"मग काय, गातो?"

मी बांधावरच्या चौकीकडे जवळजवळ धावलो. माझ्या वयाला आणि चपलांना ते शोभले नाही. चौकीदार मोहिते शांतपणे म्हणाले, "साहेबांची परवानगी लागंल." परवानगी मागणे हा माझा प्रांत नव्हे. मी मॅडमना फोन लावला आणि मोबाइल मोहित्यांच्या कानाला धरला. मॅडम नेमके काय बोलल्या हे मला माहीत नाही. दोन मिनिटांत मोहिते कपाटाची किल्ली शोधू लागले.

जुन्या मस्टरपैकी, म्हणजे हजेरीवह्यांपैकी, बहुतेक वाळवीने खाल्ल्या होत्या. शासनाने ठरवलेल्या सालाआधीची एकच वही वाचण्याजोगी होती. त्यात एकाच पावसाळ्यात तलाव सांडल्याच्या दोन नोंदी होत्या. तळे दोनदा सांडले ते साल हेच! दोन्ही दिवसांच्या हजेरीत नाव, अंगठा आणि पुढे 'रा. पाडा'. मी घरे जुळवू लागलो. कुठे आजचा माणूस, कुठे त्याचा बाप, कुठे सासू. छत्तीस घरे जुळली. चार घरे ठरलेल्या सालानंतरची होती आणि तसे त्यांनी मला आधीच सांगितले होते. उरले एक. देवकीबाईंचे. ज्यांच्या येण्यावरून अर्धा पाडा आपली साले मोजत होता, त्यांचेच नाव हजेरीत नव्हते.

बुधवारी मी त्यांना विचारले.

"नवरा विक्रोळीला कारखान्यात. सांडव्यावर मीच जायची," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी कशी जाणार? थोरला झाला ना माझा! तळं तिकडं सांडलं, मी इकडं."

"आणि दुसऱ्यांदा सांडलं तेव्हा?"

"तवर महिना तरी झालेला का? बाळंतीण पाण्यात उतरती काय रे? बायको नाही तुला?"

"आहे."

"मग तिला विचार. मला काय विचारतोस?"

गुरुवारी मॅडमना सर्व सांगितले. "काका, छत्तीस वाचले. एक गेला तर आपण काय करणार? पुरावा नाही ना."

अशा वेळी मान डोलावणे ही माझी तीस वर्षांची सवय. त्या दिवशी ती मान हलली नाही. का, ते मलाही नीटसे कळलेले नाही. "उद्या सकाळपर्यंत थांबाल का?" मी विचारले. परेशने खुर्ची वळवून माझ्याकडे पाहिले.

शुक्रवारी चौकी उघडताच मी तीच वही पुन्हा घेतली. या वेळी नावे सोडून उजव्या कडेचा रकाना वाचला: 'शेरा'. तो मी आधी पाहिलाच नव्हता. माझ्या अनुभवात शेऱ्याचा रकाना नेहमी कोरा असतो, कारण मी तो नेहमी कोरा सोडतो. तिथे जाड शिसपेन्सिलीने, बहुधा फारशी शाळा न पाहिलेल्या हाताने लिहिले होते: 'देवकी गैरहजर. बाळंत. रा. पाडा.'

हजर असणाऱ्यांच्या पुराव्यापेक्षा तो पुरावा कमी नव्हता. जो त्या पाड्यात राहतच नाही, त्याची गैरहजेरी कोण लिहील? मॅडमनी पानाची साक्षांकित प्रत यादीला जोडली आणि दुपारी यादी गेली. महिन्याभराने ती मंजूर होऊन आली. सदतीस घरे पात्र, चार अपात्र. त्या चारांनी खरे सांगितले होते, आणि नोटीस त्यांनाच मिळाली. ही गोष्ट मला अजूनही टोचते, आणि तिच्यावर माझ्याकडे शेरा नाही.

देवकीबाईंना सांगायला मी स्वतः गेलो.

"गैरहजर लिवलं? तो मेला मुकादम कधी दिसला की शिव्याच घालायचा," त्या म्हणाल्या. "बस, चहा घे. आणि नव्या बिल्डिंगीत वाल कुठं लावायचा, ते तुझ्या त्या फॉर्मात बघून सांग."

मी पाहिले. त्यासाठी रकाना नव्हता.

या प्रकरणातून मी शिकलो ते फार नाही: उत्तर प्रश्नाच्या साच्यात बसले नाही, तर दर वेळी दोष उत्तराचा नसतो. हे शिकण्यास मला एम.ए. अधिक तीस वर्षे लागली. आता निवृत्तीनंतर मी स्वतःच्याच घराविषयी रकाना सात भरण्याचा प्रयत्न करतो, आणि खरेदीखत उघडल्याशिवाय तो भरता येत नाही. तुम्ही आज ज्या घरात राहता, तिथे प्रथम आलात त्या वर्षी आसपास काय घडले होते, हे एकही कागद न पाहता तुम्हाला सांगता येईल का?