तुळशीपर्यंत पाणी

सगुणावहिनी गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. मी कोयनानगरला शिक्षक आहे. त्या सकाळी जमीन थोडी हलली होती, टेबलावरची खडूची पेटी सरकली होती आणि इथल्या रिवाजाप्रमाणे जागचं कुणी उठलं नव्हतं. हेडमास्तर वर्गाच्या दारात आले तेव्हा मला वाटलं, त्याबद्दलच काही विचारायला आले असतील. ते म्हणाले, "कुंडलहून फोन होता. तुमच्या वहिनी..." कराडला गाडी बदलून मी घरी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. सकाळी तळ्यावरून आल्या, चुलीपुढं बसल्या आणि छातीत कळ आली, एवढंच काय ते घडलं होतं. वहिनींना आंघोळ घालून अंगणात ठेवलं होतं आणि माझा थोरला भाऊ आप्पा त्यांच्या उजव्या हाताशी बसला होता. त्याच्याजवळ सुतळीचा एक तुकडा होता. वहिनींच्या तळव्याच्या मध्यापासून कोपराकडे त्यानं ती सुतळी ताणून धरली, एका जागी गाठ मारली, गाठ नीट बसली का ते अंगठ्यानं चाचपलं आणि सुतळी गुंडाळून कोपरीच्या खिशात टाकली. बायकांत कुजबूज झाली. "डोस्क्यावर परिणाम झाला जणू बिचाऱ्याच्या," असं कुणीतरी म्हणालं. मलाही तसंच वाटलं. मी विचारलं नाही, आणि ती विचारायची वेळही नव्हती.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. आमच्या घरात तळं आलं त्याची हकिगत सांगितल्याशिवाय त्या सुतळीचा अर्थ लागायचा नाही, म्हणून तिथून सुरुवात करतो. कुंडलला आमचं दीड एकर रान ओढ्याच्या अंगाला आहे. आप्पानं त्यात वर्षानुवर्षं ऊस घेतला आणि उसाला पाणी पाजताना हात कधी आखडता घेतला नाही. पाणी जास्त तर ऊस जास्त, असं त्याचं साधं गणित. शेवटी व्हायचं तेच झालं. रानात मीठ फुटलं. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी पापडी धरायची आणि लावलेलं बेणं जागच्या जागी कुजायचं. मी कोयनानगरला बसून पत्रांतून सल्ले पाठवत होतो, चर खणा, ताग पेरून गाडा... उंटावरून शेळ्या हाकायला माझ्यासारखा दुसरा नाही. आप्पानं शेवटी त्या रानाकडे जायचंच सोडलं. वहिनी मात्र जात. त्यांचं माहेर कोयनेच्या काठचं, पाण्याची भीती नाही आणि मासळीचा विटाळ नाही. नव्वदीच्या सुरुवातीला कधीतरी त्या मत्स्यबीज केंद्रावर एक दिवसाचं शिबिर करून आल्या आणि जेवताना म्हणाल्या, "ऊस येत न्हाई त्या रानात मासं येत्यात म्हणं."

आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ. आप्पाच्याही गळ्यात तुळशीची माळ आहे. मासळीचं नाव घ्यायचं तर बाहेर जाऊन घ्यावं, असं आमचं घर. आईनं ताट बाजूला सारलं. आप्पा म्हणाला, "रान तर मेलंच हाय. करा काय करायचं ते. पर म्या त्या पाण्यात हात घालनार न्हाई. आन् एकदा का मासं मेलं आन् गावात वास सुटला, तर दुसऱ्या दिवशी तळं मुजवून टाकनार." वहिनींनी मान डोलावली. ही अट त्यांनी पुढं कधी विसरू दिली नाही, स्वतःलाही नाही.

त्या तळ्याच्या काठावर मी चाळिशीत पुन्हा विद्यार्थी झालो. सुट्टीत गेलो की वहिनी शिकवायच्या. माशाचं पिल्लू पहिल्यांदा जिऱ्याएवढं असतं म्हणून त्याला मत्स्यजिरे म्हणायचं, बोटाएवढं झालं की बोटुकली, आणि तळ्यात सोडायची ती बोटुकली. कटला पाण्याच्या वरच्या थरातलं खातो, रोहू मधलं खातो, मृगळ तळाचं. "एका घरात तीन जावा, पर तीन चुली. मग भांडान कशाला हुतंय?" असा त्यांचा खुलासा. बोटुकली आणलेल्या पिशव्या लगेच सोडायच्या नाहीत, तोंड बांधलेल्या तशाच तळ्यात तरंगत ठेवायच्या, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मगच तोंड सोडायचं. नवी नवरी उंबऱ्यावर थांबवतात की नाही, तसं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा रंग. मासे आपण घातलेल्या कोंड्यापेंडीवर थोडे आणि पाण्यात तयार होणाऱ्या बारीक हिरव्या जीवांवर जास्त जगतात. ते हिरवेपण यावं म्हणून तळ्यात शेण टाकायचं. कमी पडलं तर पाणी नितळ राहतं, मासे उपाशी. जास्त झालं तर पाणी दाट होतं, आणि ढगाळ दिवसांत त्या दाट पाण्यात माशांना श्वास पुरत नाही.

हे कमीजास्त ओळखायची वहिनींची एक रीत होती. त्यांच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली चार बोटांवर, लहानपणी जत्रेत गोंदलेली एक तुळस होती. रोज सकाळी काठावर गुडघे टेकून, पंजा आडवा पसरून त्या हात सरळ पाण्यात सोडायच्या. तळवा दिसेनासा झाला की थांबायच्या आणि पाणी हातावर कुठवर आलंय ते बघायच्या. तुळशीपाशी आलं असेल तर ठीक. मनगटाजवळच तळवा हरवला तर पाण्याला अपचन, शेण बंद. तुळस बुडून कोपर टेकलं तरी तळवा दिसतोय, तर पाणी उपाशी. एकदा मत्स्य खात्यातले एक तरुण साहेब पांढरीकाळी चकती घेऊन आले. दोरीला बांधलेली ती चकती त्यांनी पाण्यात सोडली, दिसेनाशी झाली तिथं दोरीला चिमटीत धरलं, मोजपट्टी लावली. वहिनींनी शेजारी हात बुडवला होता. साहेबांची चिमूट आणि वहिनींची तुळस एका पातळीत आली. साहेब दिलदार, जाताना चकती इथंच ठेवून गेले. वहिनींनी ती तळ्याकाठी, गोठ्याशेजारच्या झोपडीत खिळ्याला टांगली आणि कधी काढली नाही. आई मात्र धुमसायची, "हातावर तुळस, आन् हात मासळीत! काय म्हनावं ह्या बाईला?" वहिनी म्हणायच्या, "आत्ती, तुळशीला रोज पानीच घालतीया की वो."

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहितो आहे ती. तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वहिनींचं पोटाचं ऑपरेशन ठरलं, मिरजेला. आप्पा तळ्याला हात लावणार नव्हता आणि मला दिवाळीची सुट्टी होती. मी मोठ्या रुबाबात जबाबदारी घेतली. निघायच्या दिवशी वहिनींनी माझ्या हाताशेजारी आपला हात धरला, माझ्याच खिशातलं बॉलपेन घेतलं आणि त्यांच्या तुळशीच्या नेमकी समोर माझ्या हातावर एक तुळस काढली. "भावजी, हिच्याम्होरं जाऊ नगा आन् हिच्या मागं ऱ्हाऊ नगा," एवढंच सांगितलं.

पेनाची तुळस पाण्यात किती टिकणार? रोज सकाळी ती पुसट व्हायची आणि रोज मी ती गिरवायचो. चारपाच दिवसांत मूळचं काही उरलं नाही, मी अंदाजानं काढत राहिलो. माझी तुळस रोज चिमूटभर मनगटाकडे सरकत होती हे मला कळलं नाही. कळणार कसं? आदल्या दिवशीच्या खुणेशी ती जुळायचीच. पाणी खुणेच्या वर गेलं तरी तळवा दिसतो, म्हणजे पाणी उपाशी, असं म्हणून मी शेण टाकत गेलो. एक पाटी, मग दोन. उसाला पाणी पाजणाऱ्या आप्पाला हसणारा मी, तळ्याला शेण पाजत होतो. त्यात आभाळ आलं ते चार दिवस हटेना. आणि एका सकाळी बघतो तर सगळे मासे वर आलेले! पाण्याबाहेर तोंडं काढून, उघडझाप करत, काठाशी माझ्या पायांपर्यंत. मला भरून आलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी त्यांना मूठमूठ कोंडा टाकला, वाटेनं जाणाऱ्या चौघांना बोलावून दाखवलं, म्हणालो, "बघा, माणसाळलेत!"

त्याच दुपारी मी मिरजेला वहिनींना भेटायला गेलो. ऑपरेशनला आठ दिवस झाले होते, टाके निघायचे होते. खाटेशेजारी बसलो आणि आनंदाची बातमी सांगितली. सकाळी सकाळी मासे वर येतात, आ करून बघतात, मला ओळखतात. वहिनी हसतील म्हणून मी थांबलो... त्यांचा चेहरा उतरत गेला. "हात बघू," म्हणाल्या. मी बाही सारून दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी आपला हात शेजारी धरला. माझी तुळस त्यांच्या तुळशीच्या चांगली चार बोटं खाली, मनगटाकडे सरकलेली होती. "आवं भावजी," त्या हळू म्हणाल्या, "ते वळखत न्हाईत तुमाला. त्यांना दम लागलाय." मग त्या उठून बसल्या आणि पायात चपला शोधू लागल्या. डॉक्टर रागावले, सोबतीला आलेली त्यांची बहीण रडली. वहिनी टाक्यांसकट एसटीत बसल्या. सारा रस्ता त्यांनी एक हात पोटावर दाबून धरला होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

गेल्या गेल्या त्यांनी विहिरीचं इंजिन सुरू करायला लावलं, पाइप उंच बांधून पाणी वरून तळ्यात पाडायला लावलं. पाणी आपटलं की हवा घेऊन आत जातं. मला बांबू देऊन काठाकाठानं पाणी झोडायला लावलं. पण उशीर झाला होता. सकाळी पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. निम्मे मासे तरी गेले, आणि गेले ते मोठेच. वहिनी काठावर बाजेवर बसून होत्या. आप्पा आला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तळ्यावर आला. त्यानं सगळं बघितलं आणि विचारलं, "कुनामुळं झालं हे?"

"माज्यामुळं," वहिनी म्हणाल्या. "म्याच सांगून गेलते, शेन जास्त घाला म्हनून. भावजींनी सांगितल्यावानी केलं."

मी बाही तेवढी खाली ओढून घेतली. आप्पानं वहिनींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "अती तिथं माती" एवढं म्हणून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो फावडं घेऊन येईल म्हणून आम्ही दोघं वाट बघत होतो. तो आला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. तळं राहिलं, पुढच्या पावसात नवी बोटुकली आली. वहिनींची जखम भरायला मात्र फार दिवस लागले आणि पुढं कायम त्या कमरेला हात देऊन वाकत. माझ्यापाशी त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. चूक माझी होती, हे मी त्यांच्या हयातीत आप्पाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. शाळेत मुलांना खरं बोलण्यावर मी निबंध लिहायला लावतो...

महिन्याचा विधी झाल्यावर आप्पा मला म्हणाला, "चल, तळ्याकडं जाऊन यू." झोपडीत खिळ्याला साहेबांची चकती होती आणि तिच्याशेजारी, नव्या खिळ्याला, गाठ मारलेली ती सुतळी. आप्पानं ती काढली. "मला आता नीट दिसत न्हाई. तू बघ पानी." मी बाही सारली आणि नकळत खिशातलं पेन काढलं.

"पेनानं नगं," आप्पा म्हणाला. "सरकतंय ते."

मी पेन परत खिशात ठेवलं. "आप्पा, तुला ठाऊक होतं?"

"बाही वढलीस तवाच. शाईची तुळस मनगटाकडं आलेली दिसली." तो सुतळी सरळ करत होता. "पोटाचं टाकं धरून बाई मासं वाचवाया येतीया. तिचं तळं मुजवाया कुनाचा हात उचलंल रं?"

त्यानं सुतळीचं टोक माझ्या तळव्याच्या मध्यावर ठेवलं आणि गाठ जिथं आली तिथं बोट धरून ठेवलं. मी गुडघे टेकले आणि पंजा पसरून हात पाण्यात सोडला. मनगट बुडालं. पाणी वर चढत आप्पाच्या बोटापर्यंत आलं, बोटही ओलं झालं. त्यानं ते काढलं नाही. खाली माझा तळवा स्वच्छ दिसत होता, रेघा मोजाव्यात इतका.

"काय म्हनतंय?" आप्पानं विचारलं.

"उपाशी आहे."

आप्पा उठला, गोठ्यामागं गेला आणि पाटीत शेण भरू लागला.

"अर्धीच भर," मी म्हणालो.