नीलाताईचे घरातले बूट

नीलाताई कराडहून अमेरिकेत पार्सिपनीला मुलाकडे राहायला आली, पण चाल काही बदलली नाही तिची. पायाला भिंगरीच. शंतनू लहानपणी बाजारात तिच्या मागे पळायचा आणि पन्नाशीला आला तरी इंडियन ग्रोसरीत कार्ट ढकलत तिच्या मागेच पळायचा.

"आई, हळू गं जरा!"

"हळू चालायला मी काय वरातीत आलेय?"

सगळं आयुष्य असंच गेलं बाईचं. नवरा लवकर गेला, मग एसटी स्टँडजवळच्या खानावळीत उभ्यानं पोळ्या लाटल्या. बसून काम करणं तिला आजारपणच वाटायचं. म्हणून मागच्या थंडीत ती पडली तेव्हा शंतनूचा विश्वासच बसेना. पडली कुठं, तर स्वयंपाकघरात. पायात लोकरीचे मोजे, खाली गुळगुळीत लाकडी फरशी, गॅसवर पोळी करपायला लागली म्हणून धावली आणि आपटली. मनगट मोडलं.

मग घरी थेरपीवाली बाई यायला लागली. गोरी, हसरी. तिनं सगळं घर बघितलं. गालिचे गुंडाळायला लावले, बाथरूममध्ये धरायला दांडे लावले. आणि म्हणाली, आजींनी घरात बूट घालायचे. अनवाणी नको, मोजे तर नकोच नको.

शंतनूनं मराठीत सांगितलं तशी नीलाताई उखडली. "घरात बूट? लाज आहे का काही? देव आहेत घरात!"

"आई, नवे आणू. बाहेर नाही घालायचे. घरातलेच."

"तूच घाल आणि नाच."

ती ऐकेना. मग शंतनूनं तिची दुखरी नस धरली. तिची धाकटी बहीण सुलभा कराडला एकटी असते, नजर गेलीय तिची. रोज सकाळी फोन असायचा दोघींचा. सुलभा म्हणायची, "अक्का, तोंड दिसायचं नाही तुझं, पण हात तरी फिरवू दे एकदा." चैत्रातलं तिकीट काढलेलं होतं. नीलाताईनं बहिणीसाठी बॅगेत स्वेटर भरून ठेवलेला, मऊ, हाताला बरा लागेल असा.

शंतनू म्हणाला, "हे बघ आई, परत पडलीस तर तिकीट कॅन्सल. डॉक्टर सोडणार नाहीत, आणि मीपण नाही."

"आण मग तुझे बूट," नीलाताई म्हणाली. दुसऱ्या दिवशी बूट आले, जांभळे, वरून पट्टी दाबली की झालं. नात इशिता खूश. येता-जाता ओरडायची, "आजी, शूज ऑन?" आणि आजी पाय पुढे करून दाखवायची, "ऑन, ऑन! फौजदारीण!"

शंतनूला वाटलं, जिंकलो.

पण देवघर होतं जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीवर कपाटात. उभ्यानंच पूजा. आणि देवापुढं बूट घालून उभं राहील ती नीलाताई कसली? रोज आंघोळ करून आली की देवासमोर एका पायावर उभी राहायची, पट्टी ओढून बूट काढायची, मग दुसरा. सून निधी घरून काम करायची, तिनं बघितलं होतं. तिला त्यात काही वावगं दिसलंच नाही. तिच्याही आईनं तेच केलं असतं. शंतनूनंही एकदा बघितलं होतं, कॉफी घेऊन जाता जाता. आपली आई बूट काढून नमस्कार करतेय, त्यात काय बघायचं!

एकदा देवघराजवळ काहीतरी खणकन वाजलं. निधीनं वरून विचारलं, "आई, काय पडलं?"

"घंटा गं. हातातून निसटली."

निधी परत मीटिंगमध्ये गेली.

होळी झाली आणि एका सकाळी घंटेचा नाही, दुसराच आवाज आला. निधी धावत खाली आली तर नीलाताई देवासमोर आडवी. एक बूट पायात, एक हातात. खुबा मोडला होता.

ऑपरेशन झालं. शंतनू हॉस्पिटलात उशाशी बसलेला. ती हळूच म्हणाली, "रागावू नको हां. आधीपण गेला होता तोल. त्या दिवशी घंटा नव्हती पडली, मीच कपाटावर आदळले."

"आई, मग बोलली का नाहीस गं?"

"तू तिकीट कॅन्सल केलं असतंस ना."

शंतनूनं नुसता तिचा हात धरून ठेवला. तिला उठवून चालवायचं म्हणत होत्या नर्सबाई, पण छातीत कफ भरला आणि ताप उतरलाच नाही. जन्मभर उभी असलेली बाई, गेली ती आडवीच. सुलभाला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "अरे, मला तिला हात लावायचा होता रे."

तेराव्याला माणसं आली. दारात बुटांचा हा ढीग. सगळ्यांच्या मागून मोरेश्वरकाका आले, चाळीस वर्षं अमेरिकेत डॉक्टरकी करून रिटायर झालेले, नीलाताईपेक्षाही वयानं मोठे. दाराशी एका पायावर उभे राहिले, एक हात भिंतीला, आणि दुसऱ्या हातानं बुटाची नाडी सोडायला वाकले.

"काका!" शंतनू आतून एवढ्यांदा ओरडला की भटजी थांबले. तो खुर्ची घेऊन धावला. "बसा. आधी बसा."

"अरे, काढतो मी..."

"बसा हो काका!"

काका बसले. शंतनू खाली बसला आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. गाठ सुटेना. खाली मान घालूनच त्यानं विचारलं, "काका, घरी कधी तोल जातो का तुमचा?"

काकांनी आजूबाजूला बघितलं. "जातो रे. कधी कधी."

"अनीशला सांगता?" अनीश म्हणजे काकांचा मुलगा.

"त्याला कशाला? गाडीची चावी काढून घेईल."

शंतनूनं बूट काढून बाजूला ठेवला आणि काकांचं पाऊल दोन्ही हातांत तसंच धरून राहिला. डोळ्यांतलं पाणी काकांच्या मोज्यावर पडत होतं.

"मला सांगा काका," तो म्हणाला. "मी काही काढून घेणार नाही."