कुदळ्यांच्या अलीकडचं पाणी

पुस्तकात त्या पक्ष्याला मोर शराटी म्हणतात. आमच्या गावात तो कुदळ्या, कारण वाकडी चोच चिखलात खुपसून दिवसभर खणतच असतो. लांबून काळा दिसतो, ऊन पडलं की पाठीवर हिरवा-जांभळा रंग चकाकतो. शहरातले पाहुणे त्याचे फोटो काढायला येतात. आम्हाला त्याच्या रंगाशी काही देणंघेणं नव्हतं. आम्ही त्याचे पाय बघायचो.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, हसनाबादकडून आत. गावाला पाझर तलाव आहे. दिवाळीनंतर पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात लोक हरभरा टाकतात. त्याला गाळपेर म्हणतात. ज्यानं आधी खुंट्या रोवल्या, त्याची ती पट्टी. पाणी आणखी हटायच्या आतच जागा धरायची, म्हणून खुंट्या पाण्यातच रोवायच्या. किती आत जाऊन रोवायच्या, हे कुदळ्या सांगायचा. त्याच्या गुडघ्याला पाणी म्हणजे माणसाच्या घोट्याला. तळ्याचा तळ परातीसारखा, काठाकडून हळूहळू उतरत जाणारा. तेव्हा पक्षी जिथं उभा, त्याच्या अलीकडं पाणी त्याहून कमीच. हे मला वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. कधी चुकलं नाही, खोटं कशाला बोलू.

मंग एका उन्हाळ्यात गावात मशीन आलं. तळ्यातला गाळ काढा, शेतात टाका, तळं खोल होईल आणि रानही पिकेल. आम के आम, गुठली के दाम, असं जो तो म्हणत होता. सगळ्यांनी ट्रॉल्या लावल्या, आम्हीपण लावल्या. ज्याला जिथं चांगला गाळ दिसला तिथून त्यानं खणून नेला. मशीन गेलं तेव्हा तळात जागोजागी पुरुषभर खोल खड्डे राहिले. एकानंही तिथं काठी रोवली नाही की चिंधी बांधली नाही. मला आजही त्याचा राग येतो. वाढदिवसाचा बोर्ड उभा करायला गावात बांबू मिळतात, खड्ड्याला मिळत नाहीत.

त्या साली पाऊस अर्धाच झाला, तरी खड्डे भरले. गढूळ पाण्याखाली सगळं एकसारखं दिसायला लागलं.

दिवाळी झाली आणि माझा थोरला भाऊ खुंट्या घेऊन तळ्यावर गेला. मी आणि वडील काठावर होतो. चांगलं आतवर कुदळ्यांचा थवा, शेजारी लाल पायांचे शेकाटे, सगळे निवांत चरत होते. पाणी कुदळ्यांच्या गुडघ्याला. भावानं मागं वळून विचारलं, "आबा, तिथवर जाऊ का?"

वडील म्हणाले, "पाखरं उभी हायेत ना. मंग जा की बिनधास्त."

पक्षी उभे होते ते खड्ड्याच्या पलीकडच्या कडेवर. खड्डा त्यांच्या आणि माझ्या भावाच्या मधे होता.

तो ओरडलासुद्धा नाही. घोटाभर पाण्यातून चालणारा माणूस एका पावलात दिसेनासा झाला. एकदा हात वर आला. पक्षी उडाले. वडील पाण्यात घुसले. त्यांना पोहता येत नव्हतं, म्हणून मी त्यांचा सदरा धरून त्यांना मागं ओढत राहिले. काठाला म्हशी धूत असलेले एक चाचा कमरेला दोर बांधून उतरले. "रस्सी पकडके रखो बेटा, छोडो नको," एवढंच मला म्हणाले. बुड्यांवर बुड्या मारल्या त्यांनी. खाली गाळानं भावाचे पाय मांडीपर्यंत धरून ठेवले होते. वर आणला तेव्हा सगळं संपलं होतं. चाचा काठावर बसून रडले. वडील रडले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते तळ्यावर जाऊन पाखरांना दगड मारायला लागले. लोक त्यांची समजूत काढायचे. मी नाही काढली. म्हटलं, मारू द्या. पाखरं नसती तर त्यांनी स्वतःचंच डोकं फोडून घेतलं असतं.

भावाचं तेरावं झालं आणि रान पांढरंशुभ्र फुटलं. गावभर कपाशी वाळून चाललेली, पण तळ्यातला गाळ टाकलेल्या आमच्या रानात ओल टिकली होती. आमची झाडं माझ्या खांद्याला लागली. बांधावरून जाणारे थांबून म्हणायचे, रान बिलकुल सोनं झालं बघा. बिचारे चांगल्या मनानंच म्हणायचे, पण मला त्यांच्या थोबाडीत द्यावंसं वाटायचं.

वेचणीला बायका सांगितल्या होत्या. आईपण कमरेला झोळी बांधून निघाली. बांधावर आली आणि थांबली. खाली वाकून तिनं चिमूटभर काळी माती उचलली आणि बोटांवर घासून पाहिली.

वडील म्हणाले, "काय बघून राह्यली? चल, ऊन चढलं."

"ही माती मी माझ्या लेकराच्या तोंडातून बोटानं काढली," आई म्हणाली. "तुम्ही वेचा."

ती घराकडं वळली. कापूस आम्ही वेचला.