मोठ्या सिस्टरांच्या अँटीबॉडी

पांढुर्ण्याच्या ज्या दवाखान्यात मी नर्स होते, तिथे करोनाची लस गावाच्या आधी आम्हाला टोचली गेली. दुसऱ्या डोसनंतर डॉक्टरांनी सगळ्यांचं रक्त काढून नागपूरला पाठवलं. लशीने अंगात किती अँटीबॉडी तयार झाल्या आणि त्या किती टिकतात, हे त्यांना पाहायचं होतं.

रिपोर्ट आला आणि दवाखान्याची शांतता गेली. मोठ्या सिस्टरांचा आकडा सगळ्यांत वर, माझा पार तळाशी. मोठ्या सिस्टर म्हणजे आम्हा नर्सांच्या प्रमुख; धिप्पाड बाई, आवाज असा की पेशंटने काही न विचारता इंजेक्शनसाठी कुशीवर वळावं. त्या दिवसापासून त्यांचा मास्क हनुवटीवर आला.

"तू दूर बस व बाई," डबा खाताना त्या मला म्हणाल्या. "तुह्यात तं काहीच नाही. तुले काही झालं तं ड्यूटी कोन करन?"

सौंसरला घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "संत्री खात नाही, म्हनून होऊन राहिलं हे." त्यांनी आमच्या बागेतली पिशवीभर संत्री माझ्यासोबत बसमध्ये चढवली. मी ती रागारागाने एकटीने संपवली. पोट बिघडलं, एवढाच परिणाम दिसला.

दिवाळीनंतर पुन्हा रक्त काढलं. सगळ्यांचेच आकडे उतरले होते. मोठ्या सिस्टरांचा तर इतका, की त्या माझ्याही खाली गेल्या.

"मशीन बिघडली हाये," त्या डॉक्टरांवर कडाडल्या. "माह्या अँटीबॉडी कुठी जातीन?"

"सिस्टर, काही महिन्यांनी त्या सगळ्यांच्याच कमी होतात," डॉक्टर म्हणाले. "म्हणून सगळं संपलं असं नाही. शरीर आजाराला ओळखून असतं. पण तिसरा डोस आला की घ्या."

तो आला, आणि मोठ्या सिस्टर गायब व्हायला लागल्या. एकदा बीपी वाढलं, एकदा मोहगावला भाचीची हळद निघाली. शेवटी डॉक्टरांनी दम दिला, तेव्हा त्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, दार लावलं आणि माझं मनगट धरलं.

"मले सुईचं भेव वाटते," त्या म्हणाल्या. "कोनाले सांगू नको."

अर्ध्या पांढुर्ण्याला इंजेक्शनं देणारी बाई! मला हसू दाबवेना. तरी सुई मी अगदी अलगद दिली. त्यांनी अशी किंकाळी फोडली की बाहेर लशीसाठी बसलेली निम्मी माणसं उठून घरी गेली.

पुढे लाट आलीच, आणि आम्ही दोघी एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह निघालो. आम्हाला क्वार्टरच्या एकाच खोलीत ठेवलं. ताप थोडाच होता, पण तोंडाला चव नव्हती. मोठ्या सिस्टर रोज स्वतः वरण-भात शिजवायच्या आणि मी उठेपर्यंत खाटेजवळ ताट धरून उभ्या राहायच्या. चार घास जास्तच खायला लावायच्या. एवढी माया त्यांच्यात आहे, हे मला नवीन होतं.

एका दुपारी पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"सिस्टर, वरण लय तिखट झालं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि ताट काढून घेतलं.

"चव आली म्हनजे बरी झाली तू," त्या म्हणाल्या. "टेस्ट करून घे अन् ड्यूटीवर जाय."