मामांचा आहेर: दहापैकी दहा

बालाजीच्या लग्नात व्यंकटमामांचा आहेर दोनदा झाला, आणि दोन्हींच्या मध्ये सहा महिने बहीण-भावाचा अबोला झाला. कारण माझा कॅमेरा.

बालाजी माझा मावसभाऊ. व्यंकटमामा म्हणजे मावशीचे थोरले भाऊ, राहणार लोहा. मी आणि कॅमेरा नांदेडचे. मोबाइलवर फोटो काढणं कमीपणाचं वाटायचं, त्या काळात आमचं हौशी छायाचित्रकारांचं मंडळ होतं. (दर रविवारी पहाटे गोदावरीवर आठ जण एकाच होडीचे आठ फोटो काढायचो आणि एकमेकांना 'वा!' म्हणायचो.) मी नवा डीएसएलआर घेतल्यावर मंडळाने फर्मान काढलं: नीट पारखून अहवाल द्या, मग आम्ही घेऊ.

पारखायला मावशीकडचं, अहमदपूरचं बालाजीचं लग्न आयतंच होतं. "मावशी, फोटोग्राफर कशाला? मी आहे ना!" असं म्हणून मी दिगंबरला रद्द करायला लावलं. दिगंबर म्हणजे आमच्या खानदानातली सगळी लग्नं टिपलेला माणूस. त्याच्या फोटोत नवरानवरी, पाहुणे, पंखा, कूलर, आचारी, सगळं स्वच्छ दिसायचं. मला ते अडाणीपणाचं वाटायचं.

आहेराच्या वेळी मी भिंगाचं तोंड सताड उघडलं. चेहरा धारदार, मागचं सगळं मऊसूत धूसर! नवरानवरी खुर्चीवर बसलेली आणि आहेर करणारे रिवाजाप्रमाणे त्यांच्या मागे उभे. मामांनी भाच्याच्या मागे उभं राहून स्वतःच्या हाताने गुलाबी फेटा बांधला आणि फोटोसाठी श्वास रोखून थांबले. मी वहीत नोंद केली: 'पार्श्वभूमी धूसर करण्याची क्षमता, दहापैकी दहा.'

अल्बम आला. मावशीने पानं उलटली, चष्मा पुसला, पुन्हा उलटली.

"आरं, माझा भाऊ कुठाय ह्याच्यात?"

"हा काय, मागं."

"ह्यो? ह्यो तर धूर हाय!"

"मावशी, ह्याला कला म्हणतात."

"कला तुझ्या घरी ने. बारा पाहुण्यांचा धूर केलास मेल्या!"

अल्बम लोह्याला गेला. मामांचा निरोप आला तो दोन वाक्यांचा: "फोटोत मी न्हाई, म्हंजे लग्नात मी न्हाई. मग भाऊबीजेला तरी कशाला येऊ?"

मी समजूत काढायला लोह्याला गेलो. (कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक सोबत नेलं, ही दुसरी चूक.) मामांनी पानं चाळली आणि शांतपणे विचारलं, "ह्याच्यात मामा कसा काढायचा ते कोन्या पानावर हाय?"

इकडे मावशी खंगत चालली. दिवाळी आली. एकुलता एक भाऊ, ओवाळायचं कुणाला? शेवटी तिने मला फोन केला. या वेळी शिव्या नव्हत्या, नुसतंच रडणं होतं, आणि ते जास्त लागलं. मी पुन्हा लोह्याला गेलो. मामांनी अटी घातल्या.

"येतो. पन आहेर परत करीन. बालाजीनं लग्नाचेच कपडे घालायचे. आन फोटो दिगंबर काढल."

"आणि मी?"

"तू लांब ऱ्हा."

भाऊबीजेला मावशीच्या अंगणात लग्न पुन्हा उभं राहिलं. सहा महिन्यांत बालाजी एवढा सुखावला होता की शेरवानीची बटणं लागेनात. बटणांच्या जागी सेफ्टी पिना लावल्या. नवरीला हसू आवरेना. मामांनी तोच फेटा सोडून पुन्हा बांधला. दिगंबर आला तो थर्माकोलचा मोठा तुकडा घेऊन.

"भाऊ, रिकामेच हाव ना? उजेड पाडायला हे धरा जरा."

मी धरला.

"मामा, इकडं बघा! हां, हलू नका!"

फोटो निघाला. मावशीने तबक घेतलं, भावाला ओवाळलं, आणि मामांनी डोळे पुसले. निरांजनाच्या धुरामुळे म्हणे.

मामा आता नाहीत. कॅमेरा कपाटात, मंडळ मोबाइलवर. तो फोटो मात्र अजून लोह्याच्या बैठकीत आहे. त्यात मामा आहेत, मावशी आहे, शेरवानीची पिन आहे, मागच्या दोरीवरच्या टॉवेलची पट्टी न् पट्टी मोजता येते. फक्त कडेला, भिंगाच्या अगदी पुढ्यात, थर्माकोलला धरून एक राखाडी ढग उभा आहे.

पाहुणे विचारतात, "हे कोण?"

मामी सांगते, "ते व्हय? ते आमचे फोटोग्राफर."